गोंदियाला याल तर आधी तलावाची पाळ गाठा

गोंदिया जिल्ह्यात बाहेरून येणारा पर्यटक बहुधा नागझिऱ्याच्या सफारीचं आरक्षण घेऊन येतो. पहाटे एक फेरी, दुपारी एक फेरी, वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर हळहळ, आणि संध्याकाळी गाडी परत नागपूरच्या रस्त्याला. नागझिरा सुंदर आहे, तिथे जरूर जावं. पण तेवढंच पाहून परतणाऱ्याच्या हाती जिल्ह्याचा एक कोपराच लागतो. इथला भात, इथली मासळी, हिवाळ्यात उतरणारे पक्षी आणि रात्रभर रंगणारी नाटकं, या सगळ्यांच्या मुळाशी माणसांनी बांधलेले तलाव आहेत. म्हणून माझं सांगणं असं की, सहलीची आखणी वाघाभोवती न करता तलावांभोवती करा. तीन दिवस काढा. निसर्ग, जेवण आणि संस्कृती इथे एकाच पाण्याला जोडलेली कशी आहेत, ते तुम्हाला आपोआप उलगडत जाईल.

हे तीन दिवस कसे घालवावेत, कधी यावं, काय खावं आणि कसं वागावं, ते पुढे क्रमाने सांगतो.

तलाव कुणी बांधले, हे आधी जाणून घ्या

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. पाऊस वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर, म्हणजे चांगलाच. तरीही धानाला तो पुरत नाही. धानाच्या बांधीत पाणी उभं राहावं लागतं, आणि पाऊस मात्र चार-सहा मोठ्या झडींत कोसळून जातो. लोंबी भरायच्या वेळी, भाद्रपद-आश्विनात, त्याने दडी मारली की हातातोंडाशी आलेलं पीक जातं. यावर उपाय म्हणून गोंड राजांच्या काळात एक रीत पडली. जो तलाव बांधेल, त्याला तलावाखालची जमीन मिळेल. हे काम सर्वांत निष्ठेने केलं ते कोहळी समाजाने. दोन टेकड्यांमधून पाणी कुठून वाहतं हे पावसाळ्यात पाहून ठेवायचं आणि उन्हाळ्यात त्या जागी मातीची पाळ घालायची. वरच्या अंगाला लहान बोडी, खाली मोठा तलाव, आणि एकाच्या सांडव्याचं पाणी दुसऱ्याच्या पोटात. आजच्या भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत असे हजारो तलाव उभे राहिले. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे होते. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यामुळे कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’.

एवढं माहीत असलं की पाळीवर उभं राहिल्यावर नजर नुसती पाण्यावर राहत नाही. एका बाजूला कमळं, पक्षी, ढिवरांची, म्हणजे इथल्या मासेमारांची, जाळी. मागे वळलात की खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे गाव. गावाचं वर्षभराचं अन्न त्या मातीच्या पाळीने धरून ठेवलेलं असतं.

कोणत्या ऋतूत यावं

पहिल्यांदाच येत असाल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ निवडा. तलाव भरलेले असतात, उत्तरेकडचे पाहुणे पक्षी आलेले असतात, घरोघरी नवा तांदूळ असतो, बाजारात शिंगाडे असतात आणि नाटकांचा हंगाम ऐन भरात असतो. रात्री थंडी चांगली पडते, म्हणून गरम कपडे आणा. नाटकाला उघड्यावर बसायचं असेल तर जाड चादरही लागेल.

पावसाळ्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून लोक या दिवसांत इकडे फिरकत नाहीत. खरं तर शेत पाहायचं असेल तर हाच काळ. जूनमध्ये पऱ्हे टाकले जातात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते, गुडघाभर चिखलात बायकांच्या रांगा वाकून गाणी म्हणत रोप लावतात. रानभाज्या याच दिवसांतल्या आणि सारसांची घरटीही याच दिवसांतली. मात्र मच्छरदाणी आणि डास पळवणारं मलम सोबत ठेवा. हा जंगलपट्टा हिवतापाचा आहे. घरी परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना इथे येऊन गेल्याचं आवर्जून सांगा.

दिवाळीनंतर धानाची कापणी आणि मंडई यांची गडबड असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचणारी माणसं दिसतात आणि मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम चालतो. पाणवठे आटत गेल्याने जनावरं दिसण्याची शक्यता या दिवसांत वाढते, पण ऊन फार कडक. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर उन्हाळा टाळलेला बरा.

कसं पोहोचावं, कुठे राहावं

गोंदिया हे मुंबई-हावडा मुख्य मार्गावरचं जंक्शन आहे. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरहून पुणेमार्गे महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येतात. नागपूरहून रेल्वेने साधारण दोन तास लागतात. गोंदियाहून वडसा-नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जाणारा जो रेल्वेमार्ग आहे, त्यावर सौंदड, देवलगाव, अर्जुनी ही स्थानकं लागतात. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे वेळापत्रक आधी बघून ठेवा.

रस्त्याने येणाऱ्यांनी नागपूर-रायपूर महामार्ग धरावा. भंडारा, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला पोहोचलात की दक्षिणेकडे वळा. तिथून नवेगावबांध वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. नागपूरपासूनचा सगळा प्रवास तीन तासांचा समजा. एसटी आहे, पण गावोगावच्या तलावांवर जायचं तर गाडी हाताशी हवी. गोंदिया किंवा साकोलीहून स्थानिक चालकासह गाडी घेणं सर्वांत चांगलं. रस्ते त्याच्या पायाखालचे असतात आणि कुणाला काय विचारायचं हेही त्याला कळतं.

मुक्कामासाठी नवेगावबांध परिसरात वनविभागाची निवासस्थानं आणि काही खासगी सोयी आहेत. नागझिऱ्याच्या बाजूला बोदलकसा तलावाकाठीही पर्यटकांच्या निवासाची सोय आहे. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी बरंच आधी आरक्षण करा आणि निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्या. सफारी करणार असाल तर फाटक कोणतं, हे मुक्कामाची जागा पाहून ठरवा. नवेगावच्या जंगलात शिरायला जांभळी आणि बकी ही फाटकं, तर नागझिऱ्यात शिरायला चोरखमारा आणि पिटेझरी. चुकीचं फाटक आरक्षित झालं तर पहाटेच्या अंधारात तास-दीड तासाचा वळसा पडतो. खर्चाला रोख रक्कम जवळ असू द्या. जंगलातल्या गावांत मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नसते, आणि मग मोबाइलवरून पैसे देणंही अडतं.

पहिला दिवस: नवेगावबांध

नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला. सुमारे 11 चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती ‘सात बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या, आणि पाण्यात मालडोंगरी नावाचं बेट. बांधणारा माणूस लोकांच्या मनात देव झाला. कोलासूर म्हणून आजही त्याची पूजा होते. पाणी अडवणाऱ्याला देवपण देणारा हा मुलूख आहे, हे इथे पहिल्याच दिवशी ध्यानात येतं.

सकाळी उजाडण्यापूर्वी पाळीवर पोहोचा. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतात. दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी असली तरी पुरे. काठाजवळच्या कमळपानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, गवतात जांभळी पाणकोंबडी, उघड्या पाण्यावर अडई, लालसरी, तलवार बदक. घाई करू नका. एका जागी तासभर शांत बसलात की तुम्हाला पाहून उडालेले थवे परत येऊन बसतात. नावेतून फिरायला मिळालं तरी नावाड्याला थव्याकडे नाव घालायला सांगू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दर वेळी उडावं लागणं फार महाग पडतं.

याच काठावर मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून राहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक इथल्याच वास्तव्यातून आलं. कोलू पाटलांच्या घराण्यातले माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे इथले स्नेही. या जंगलाची आणि पाण्याची किती माहिती पुस्तकाबाहेर, गावातल्या माणसांच्या डोक्यात असते, हे चितमपल्लींनी मराठी वाचकाला दाखवून दिलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. येण्यापूर्वी हे पुस्तक आणि त्यांचं आत्मचरित्र ‘चकवाचांदण’ वाचा. नागझिऱ्याला जाणार असाल तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि किरण पुरंदरे यांचं ‘सखा नागझिरा’ही वाचा. जंगल वाचून आलेल्या माणसाला जंगल जास्त दिसतं.

दुपारची फेरी राष्ट्रीय उद्यानात करा. नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका यांचा मिळून राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. कान्हा, पेंच, ताडोबा आणि इंद्रावती या जंगलांना जोडणारा हा मधला दुवा आहे, त्यामुळे आकाराच्या मानाने त्याचं महत्त्व मोठं. इथली वाघांची संख्या वाढावी म्हणून 2023 आणि 2024 मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या गेल्या. वाघ दिसेलच असं मानून येऊ नका. गवे, अस्वल, रानकुत्री, सांबर आणि साग-बांबूचं हे मिश्र रान यासाठी या.

दुसरा दिवस: इटियाडोह, गोठणगाव, प्रतापगड

दुसऱ्या दिवशी अर्जुनी-मोरगाव तालुक्याच्या दक्षिणेला वळा. जुन्या तलावांनंतर नव्या काळाचं धरण पाहिलं की फरक समजतो. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण 1970 चं. त्याचं पाणी इथल्या शेतांबरोबर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरीकडेही जातं. भर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागलं की पाहायला गर्दी होते. तेव्हा वाहत्या पाण्यात उतरू नका आणि सांडव्याच्या भिंतीवर चढू नका. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकायला क्षण पुरतो.

धरणाजवळ गोठणगावची तिबेटी वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला निर्वासित तिबेटी कुटुंबांना इथे जमीन मिळाली आणि हिमालयातल्या पठारावरची माणसं झाडीपट्टीच्या उकाड्यात शेती करू लागली. वसाहतीत बौद्ध मठ आहे, प्रार्थनेच्या पताका आहेत, आणि सफाईदार मराठी-हिंदी बोलणारी तिबेटी माणसं आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ऑक्टोबरपासून थंडी सरेपर्यंत इथली बरीच कुटुंबं शहराशहरांतून स्वेटर विकायला जातात. तुमच्या गावच्या तिबेटी बाजारात भेटलेला विक्रेता कदाचित याच वसाहतीतला असेल. त्यामुळे ऐन हिवाळ्यात वसाहत शांत असते. लोकांना भेटायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या सुमारास या. मठात शिरताना जोडे बाहेर काढा, प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घाला, प्रार्थना चालू असेल तर मागे बसा. परदेशी नागरिक सोबत असतील तर त्यांना वसाहतीसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र परवानगी लागते, ती आधीच काढा.

परतताना प्रतापगड. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. इथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे आणि त्यांचा उरूसही भरतो. दोन्ही धर्मांची माणसं दोन्हीकडे जातात. दोन दिवसांत कोहळ्यांचा देव, तिबेटी मठ, महादेव आणि दर्गा अशी वाट या एका तालुक्यात होते. यात्रेच्या दिवशी आलात तर गाडी दूर लावून चालायची तयारी ठेवा.

तिसरा दिवस: दोन वाटा

तिसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय सुचवतो. दोन्ही एका दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका.

पहिली वाट सालेकसा तालुक्याची. धनेगावजवळची कचारगडची गुहा हे गोंड समाजाचं फार मोठं श्रद्धास्थान आहे. कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. जंगो रायताड आणि पहांदी पारी कुपार लिंगो यांनी, हिरासुका पाटालीराच्या वाद्याच्या साथीने त्यांची सुटका केली, आणि पुढे लिंगोने कोया पुनेमाची, म्हणजे गोंडी धर्माची, शिकवण दिली, अशी ही परंपरा. माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखोंनी माणसं येतात. त्या दिवसांत यायचं तर राहण्याची सोय गोंदियात किंवा आमगावात आधीच करून ठेवा. इतर वेळी आलात तर गावातला वाटाड्या घ्या. चढ जंगलातून आहे आणि गुहेची कथा त्याच्या तोंडून ऐकावी अशीच आहे. हे देवस्थान आहे हे विसरू नका. पूजा चालू असताना न विचारता फोटो काढू नका, गुहेत आरडाओरडा करू नका, सोबतचं प्लास्टिक परत घेऊन या. जवळच दरेकसा स्थानकाच्या परिसरात हाजरा फॉल आहे. तो पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चांगला वाहतो. या पूर्व सीमेवरच्या जंगलात अंधार पडण्यापूर्वी मुख्य रस्त्याला लागा.

दुसरी वाट सारसांची, गोंदिया तालुक्यातली. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरले ते मुख्यतः वैनगंगा आणि बाघ नदीच्या खोऱ्यातल्या या जिल्ह्यात, आणि तेही हाताच्या बोटांवर फार फार तर चार-पाच फेऱ्यांत मोजता येतील इतके. परसवाडा, झिलमिली या गावांकडचे तलाव आणि शेतं त्यांच्या फिरण्यातली. माणसाएवढा उंच हा पक्षी जोडीने राहतो आणि पावसाळ्यात थेट धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून एक-दोन अंडी घालतो. म्हणजे सारसाचं घर शेतकऱ्याच्या परवानगीवर उभं असतं. घरट्याची जागा कुणी सांगितली तरी तिकडे जाऊ नका, आणि फोटो टाकताना गावाचं नाव देऊ नका. हिवाळ्यात, दुरून, रस्त्यावरूनच पाहा. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था अनेक वर्षं स्वयंसेवकांना घेऊन सारसांची मोजणी आणि घरट्यांची राखण करत आली आहे. पक्ष्यांची खरीच आवड असेल तर अशा स्वयंसेवकांसोबत फिरा.

इथे जपानच्या सादो बेटाचं उदाहरण सांगावंसं वाटतं, कारण ते आपल्याला उपयोगी आहे. सादो हेही धानाचं बेट. तिथल्या शेतांत ‘तोकी’ नावाचा, आपल्या शराटीच्या जातकुळीतला पक्षी राहायचा. शिकार आणि रसायनांनी तो इतका घटला की 1981 मध्ये उरलेले पाच पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवावे लागले. जपानमध्ये जन्मलेला शेवटचा तोकी 2003 मध्ये मेला. चीनमधून मिळालेल्या जोडीपासून नवी पिढी वाढवून 2008 मध्ये पहिले पक्षी सादोच्या आकाशात सोडले. पण सोडलेल्या पक्ष्याला खायला काय? तेव्हा शेतकऱ्यांनी रासायनिक औषधं कमी केली, शेतातल्या चरांत हिवाळ्यातही पाणी ठेवलं, म्हणजे बेडूक-मासे जगतील. त्या शेतांतला तांदूळ वेगळ्या नावाने विकला जाऊ लागला. 2011 मध्ये सादोच्या शेतीला जागतिक कृषी वारशाचा मान मिळाला. आज प्रवासी बोटीने त्या बेटावर जातात, तोकी पाहतात, तो तांदूळ खातात आणि गावोगावच्या मंचांवर नोह नाटक पाहतात. पक्षी, भात आणि नाटक. गोंदियात हे तिन्ही आहे आणि आपला पक्षी अजून मोकळ्या आकाशात आहे. तो पिंजऱ्यात जाईपर्यंत वाट पाहायची गरज नाही.

ताटात काय मागावं

महामार्गावरच्या धाब्यावर तुम्हाला इथलं जेवण मिळणार नाही. त्यासाठी एक दिवस आधी सांगावं लागतं. मुक्कामाच्या ठिकाणी किंवा तुमच्या चालकाला विचारा. गावातलं एखादं घर किंवा महिला बचत गट जेवण करून देऊ शकेल का, अशी चौकशी करा आणि पैसे आधी ठरवून घ्या.

मुख्य अन्न भात. चिन्नोर, हिरानखी, दुबराज, काळी कम्मोद ही जुन्या सुवासिक वाणांची नावं लक्षात ठेवा. शेजारच्या बालाघाट आणि भंडारा जिल्ह्यांच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गोंदिया शहर राईस मिलांचं, पण मिलमधला पॉलिश केलेला तांदूळ तुम्हाला तुमच्या गावीही मिळतो. इथे शेतकऱ्याच्या घरचा, कमी कांडलेला मागा.

त्यासोबत तलावातली मासळी. रोहू, कतला सगळीकडे असतात. मरळ मिळाली तर सोडू नका. सकाळी पाळीवर ढिवरांची जाळी निघतात, तेव्हाच ताजी मासळी विकत घ्या आणि शिजवायला द्या. तिखट रस्सा आणि गरम भात, याहून वेगळं काही लागत नाही. शाकाहारी असाल तर लाखोळीच्या डाळीचं वरण किंवा वडे मागा. धान निघण्याच्या सुमारास ओल्या बांधीतच ही डाळ पेरतात. रोजचं मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर ती पायांना अपाय करते, म्हणून तिच्या विक्रीवर दीर्घकाळ बंदी होती. प्रवासात एखाद-दोनदा चव घ्यायला हरकत नाही.

पावसाळ्यात आलात तर सात्या, म्हणजे वारुळाजवळ उगवणाऱ्या अळिंब्या, बांबूचे कोवळे वास्ते, काटवल, तरोट्याची भाजी. अळिंब्या ओळखणाऱ्या घरीच खा, स्वतः तोडून आणू नका. हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे रस्त्याकडेला मिळतात, तेही तलावाचंच पीक. उन्हाळ्यात चारं आणि तेंदूची फळं. मोहफुलांचे लाडू मिळाले तर जरूर घ्या. रस्त्यावर मिळणारी मोहाची दारू मात्र घेऊ नका. ती कशी गाळली आहे, हे कळायला मार्ग नसतो.

एक रात्र नाटकाला

धान घरात आलं, हातात पैसा आला, कामाचा जोर ओसरला की झाडीपट्टी नाटकाकडे वळते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे जमतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि बाजार, आणि रात्री नाटक. पुढे शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानेही नाटकं लागतात. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथेच आहेत, आणि अर्जुनीहून ते जवळ आहे. याच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. कापडी मंडप, समोर खोल केलेली बैठक, संगीताची जिवंत साथ, आणि हजारोंनी जमलेले प्रेक्षक. तिकीट जागेवर मिळतं. कुठल्या गावी कोणतं नाटक आहे, हे चहाच्या टपरीवर आणि रस्त्याकडेच्या फलकांवर कळतं. शहरातल्या नाट्यगृहाच्या मापाने ते मोजू नका. तीन-चार पिढ्यांचं अख्खं घर शेजारी बसून, सरकारी अनुदानाची वाट न बघता, तिकीट काढून नाटक पाहतं, हे आज महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसेल. नाटकाच्या रात्रीनंतरची सकाळ मोकळी ठेवा. पहाटेची सफारी त्याच दिवशी ठरवली तर दोन्ही हातची जातील. आणि परतीला चालकाला झोप मिळालेली असेल, याची काळजी घ्या.

पैसा कुणाच्या हाती जावा

तलाव टिकतात ते राखणाऱ्यांमुळे. पाळीला पडलेलं भगदाड बुजवावं लागतं, गाळ काढावा लागतो, बेशरमची झुडपं उपटावी लागतात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने ढिवर समाजाच्या पुरुषांनी आणि विशेषतः बायकांनी तलावांतली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे देशी मासळीला खायला आणि अंडी घालायला जागा मिळेल. पाणी सुधारलं की मासे वाढतात, मासे वाढले की पक्षी येतात. हे काम करणारी बहुतेक माणसं भूमिहीन आहेत. त्यांच्याकडे शेत नाही, तलावातली मासेमारीच आहे.

म्हणून मासे घ्याल तर ढिवरांच्या सोसायटीकडून घ्या. तांदूळ शेतकऱ्याकडून घ्या आणि बियाणं जुनं आहे का ते विचारा. वाटाड्या, चालक, स्वयंपाक गावातला असू द्या. घासाघीस करू नका. पाळीवर गाडी चढवू नका, ती मातीची आहे. तलावात साबण लावून अंघोळ करू नका, थर्माकोलच्या पत्रावळी टाकू नका. बायका रोवणी करताना किंवा मासळी निवडताना दिसल्या तर आधी बोला, मग विचारून फोटो काढा. मोठ्या माणसाशी बोलायला सुरुवात करताना ‘राम राम’ म्हणा, खुर्ची पुढे केली की बसा, पाणी दिलं की घ्या. इथे कामाचं बोलणं त्यानंतरच सुरू होतं.

एका फेरीत हे सगळं जमणार नाही, आणि जमवू नका. पहिल्या वेळी एक तलाव नीट पाहा. त्याची पाळ चालून जा, कुणी बांधला ते विचारा, त्यातला मासा आणि त्याच्या पाण्यावरचा भात खा. पाटबंधाऱ्याची मोठी धरणं आल्यापासून या जुन्या तलावांकडे सरकारचं आणि गावांचंही लक्ष कमी झालं आहे. बाहेरगावचा माणूस वाट वाकडी करून आपला तलाव पाहायला येतो, त्याचे चार पैसे गावात राहतात, हे दिसलं तर पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायला ग्रामसभेत हात वर करण्यासाठी लोकांना आणखी एक कारण मिळेल. ते कारण देणं तुमच्या हातात आहे.